शुद्धीवर असलेला हत्ती

फार पूर्वी वेणुपुरात जयकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच्या गजशाळेत हत्तीचा जन्म घेतला. त्याचे नाव कुमुद. रोहक नावाचा माहूत त्याला पिल्लू असल्यापासून सांभाळत होता. रोहकाला मूलबाळ नव्हते. जी काही माया होती ती त्याने या हत्तीवरच केली.

जयकेतूचा राग नाकाच्या शेंड्यावर असे. शिलावती गावाने नजराणा पाठवायला उशीर केला, एवढ्यावरून त्याने सेनापती उग्रदत्ताला चालून जायला सांगितले आणि स्वतः नदीकाठच्या छावणीत जाऊन बसला.

वेणुपूरच्या सैन्यात एक रीत होती. लढाईच्या सकाळी हत्तींना मद्य पाजायचे, म्हणजे समोर कोण आहे हे त्यांना कळू नये. आणि मद्य चढून हत्ती अनावर झाला, तर त्याने आपलीच माणसे तुडवू नयेत म्हणून माहुताने जवळची छिन्नी मानेत ठोकून त्याला जागीच मारायचे. माणसांनी आपल्या सोयीने काय काय रिती केल्या आहेत, देव जाणे!

त्या सकाळी कुमुदाने मद्याचे घंगाळ सोंडेने उपडे केले. रोहकाची गाळण उडाली. बोलणी बसतील म्हणून त्याने रिकामे घंगाळ दाखवून सांगून टाकले, "प्यायला, सगळं प्यायला." उग्रदत्त मान हलवून पुढे गेला. गोष्ट एवढी लहान होती की रोहक ती विसरूनही गेला.

नगारा वाजला. हत्ती वेशीकडे निघाले, कुमुद सर्वांत पुढे. वेस अरुंद होती, एका वेळी एकच हत्ती शिरेल एवढी. इतक्यात ती आतूनच उघडली आणि शिलावतीचे लोक वेशीत येऊन उभे राहिले. कुंभार, विणकर, म्हातारीकोतारी, कडेवर मुले घेतलेल्या बाया. प्रत्येकाच्या दाती गवताची काडी होती. ज्याने दाती तृण धरले त्याच्यावर शस्त्र चालवायचे नाही, हे वेणुपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

रोहक मागे वळून ओरडला, "सेनापती, शरण आलेत ते! महाराजांकडे स्वार पाठवा. नदी काही लांब नाही."

"मला गवत दिसत नाही," उग्रदत्त म्हणाला. "तुलाही दिसत नाही. नगारा वाजतोय तोवर हत्ती थांबत नसतो. चल पुढे."

रोहकाला गवत स्पष्ट दिसत होते. अंकुश टाकून तो खाली उतरू शकला असता. फार तर त्याचे डोके गेले असते. पण डोके कोणाला नको असते? त्याने अंकुश टोचला.

कुमुद थांबला होता. अंकुश पुन्हा लागला, कानामागून रक्त आले, तरी तो हलला नाही. उलट वळून वेशीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. मागचे हत्ती एकमेकांवर आदळू लागले.

"माज चढलाय त्याला!" उग्रदत्त कडाडला. "पाजलंयस ना? मग रीत ठाऊक आहे तुला. छिन्नी काढ!"

कुमुद शुद्धीवर आहे, हे साऱ्या सैन्यात एकट्या रोहकाला माहीत होते. ते सांगावे तर सकाळचे खोटे उघडे पडणार. आणि शुद्धीवर असलेल्या हत्तीने आज्ञा मोडली तर काय करायचे, याची तर रीतच नव्हती. रोहक त्याच्या कानाशी वाकला.

"बाळा, चल रे. तुझ्या पाया पडतो, चल."

कुमुदाने फक्त कान हलवला. रोहकाने छिन्नी लावली आणि हातोडा हाणला.

तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला, त्या एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू. "बाबा, उजवीकडे उतर. मी डावीकडे पडतोय, खाली सापडशील."

रोहक उतरला. कुमुद वेशीच्या तोंडात कोसळला आणि वाट बंद झाली. एकाही हत्तीला आत शिरता येईना. तेवढ्या वेळात शिलावतीचे लोक मागच्या बाजूने डोंगरात निघून गेले.

संध्याकाळी राजा आला. सगळे ऐकून तो म्हणाला, "शरण आले होते, तर मला विचारलं का नाही? मी नगारा थांबवला असता."

"आज्ञा होती," उग्रदत्त म्हणाला. रोहकही तेच म्हणाला. पुढे तो पुष्कळ जगला, कोणी विचारले की तेच म्हणत राहिला. पण पुन्हा कोणत्याही हत्तीला त्याने हात लावला नाही.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा सांगितली ती भिक्खू खेमिलासाठी. खेमिल पूर्वी सैनिक होता. आज्ञा दुसऱ्याची आणि हात आपला, तर पाप कोणाचे, असे त्याने विचारले होते. शास्ता म्हणाले, "ज्याच्या हाताखाली तू लढलास तो नायक तेव्हा उग्रदत्त होता. तुमचा राजा तेव्हा जयकेतू होता. रोहक तू होतास, खेमिला, आणि कुमुद हत्ती मी."

खेमिलाला रडू आवरेना. "भंते, तेव्हा माझ्यावर रागावला होतात का?"

"नाही. त्यालाच क्षांती म्हणतात," शास्ता म्हणाले. "पण तू करुणा केली असतीस, तर मला क्षांतीची गरजच पडली नसती. वेशीतले लोक वाचले, खेमिला. तू पापातून वाचला नाहीस, याचंच वाईट वाटत होतं."