गुंफलेले दोन हात

“पण भन्ते, हे दोन हात नेमके कोणाचे?”

सोणकाने तिसऱ्यांदा विचारले. विहारातले वयोवृद्ध भिक्षू, थेर उपसीव, यांच्यासमोर पळसाच्या पानावर समुद्रापलीकडच्या रोमकांचे एक रुप्याचे नाणे होते. एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस एकमेकांत गुंफलेले दोन उजवे हात. रुप्याला हात लावायचा नाही, हा संघाचा नियम. म्हणून नाणे काडीने उलटावे लागे.

ते ओढ्यापलीकडच्या विण्हुक नावाच्या व्यापाऱ्याने पाठवले होते. चिन्ह मंगल असेल तर मुलीच्या लग्नाच्या हारात ओवायचे, नसेल तर आटवायचे.

अर्थ लावण्याचे काम थेरांच्या दोन शिष्यांकडे आले आणि तिथेच बिनसले. मेघियाच्या मते ते हात वधूवरांचे. सोणकाच्या मते एक राजाचा, दुसरा त्याच्या सैन्याचा. वाद रीतसर झाला: पुरावा, प्रतिपुरावा, आणि शेवटी टोमणा. रोमकांच्या घरातले सगळे ठाऊक असल्यासारखा बोलतो म्हणून मेघियाने सोणकाला ‘रोमकांचा जावई’ म्हटले.

त्याला सतरा दिवस झाले. एकाच लेण्यात राहून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

“निर्णय मेघियाच्या बाजूने लागला, तर मी उद्या दुसऱ्या विहारात जाईन.”

“आणि त्याचे बरोबर असेल तर?”

“तरीही.”

थेर हसले.

“चल, विण्हुकाला उत्तर देऊन येऊ. मेघियालाही बोलाव.”

“मी त्याच्याशी बोलत नाही, भन्ते.”

“मग खूण कर.”

ओढ्याला गुडघाभर पाणी होते, पण ओढ होती. आणि थेरांच्या गुडघ्यांनी केव्हाच साथ सोडली होती. त्यांनी दोघांना हातांची बैठक करायला सांगितले.

शिष्य समोरासमोर उभे राहिले, नजर टाळत. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा. थेर वर बसले. नाण्याची पुडी त्यांच्या काठीच्या टोकाला लोंबत होती.

मध्यावर मेघियाचा पाय शेवाळावरून सरकला. सोणकाची पकड आपोआप घट्ट झाली.

“सांभाळ रे.”

मेघिय सावरला. “सांभाळतोय, जावईबापू.”

सोणकाला हसू आवरेना. बैठक हलू लागली. हसता हसताच त्याला आपला प्रश्न आठवला.

“भन्ते, विण्हुकाला काय सांगायचे? हात कोणाचे?”

थेरांनी दोघांचेही खांदे घट्ट धरले.

“ते काठावर पोचल्यावर बघू. आत्ता एकानेही सोडू नका. मी वर बसलो आहे.”