अध्यक्षांना उठवणेबाबत

विषय : खारशेत गावच्या कबड्डी संघासाठी पावसाळ्याच्या सुट्टीत केलेली गडीखरेदी, आणि तिला आशीर्वाद मिळणेबाबत.

संदर्भ : संघाचे अध्यक्ष श्री. भालचंद्र ठाकूर यांची हिराजीबुवांना केलेली तोंडी विनंती. भाद्रपदाचा वद्य पक्ष, तिसरा प्रहर, मिठागराच्या बांधावरची झोपडी.

“आणि उजव्या कोपऱ्यात कोण?”

“परमजीत. हरयाणाचा.”

“डाव्या?”

“त्याचाच मावसभाऊ. जोडीनं घेतला म्हणून स्वस्तात पडला.”

“मधे?”

“एक कोल्हापूरचा, एक सांगलीचा. दोघंही एक नंबर. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.”

बुवांनी मान वर केली.

“मधल्या दोघांनी हात धरून साखळी करायची असते, भाल्या.”

“करारात तसं कलम टाकलंय, बुवा.”



हिराजीबुवांनी खारशेतच्या तीन पिढ्यांना खेळ शिकवला होता. त्यांच्या तोंडी कबड्डी हा शब्द कधी बसला नाही; ते जुन्या वळणानं हुतूतूच म्हणत. बायको गेल्यावर त्यांनी गळ्यात माळ घातली, मासे सोडले आणि या झोपडीत येऊन राहिले. संसार सोडणारे खाडीकाठाला बरेच निघाले. मासे सोडणारा हा पहिलाच. तेव्हापासून गाव त्यांना साधू मानू लागलं.

भालशेठ त्यांचाच जुना चेला. एके काळचा बरा खेळाडू. पुढे रस्त्यात जमीन गेली, पैसा आला, आणि पैशामागून अध्यक्षपद आलं. या पावसाळ्यात त्यांनी संघाचे जुने सातही गडी काढले आणि सात नवे आणले. सौदे मुद्दाम पितृपक्षात केले. या पंधरवड्यात कोणी व्यवहार करत नाही, तेव्हा भाव पडलेले असणार, असा त्यांचा हिशेब. तो खरा ठरला. गावाला धक्का बसला तो मुहूर्ताचा नव्हे, सातच्या सातचा.

“चढाईला?” बुवांनी विचारलं.

“विक्रांत.” भालशेठ जरा थांबले. “बुवा, विक्रांत. टीव्हीवरचा.”

बुवांकडे टीव्ही नव्हता.

“आणि खारशेतचा कोण?”

भालशेठांनी आठवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

“मी आहे ना. अध्यक्ष.”

बाहेर मिठागरात पाणी भरलं होतं. बांधावरून एक खेकडा आडवा आडवा चालत गेला.

“माझ्याकडे काय काम काढलंस?”

भालशेठ सावरून बसले. घटस्थापनेला नव्या संघाची ओळखपरेड होती. मांडव ठरला होता, बॅनर छापून आला होता. फक्त मैदान व्हायचं होतं. दरवर्षी गावकरी माती चाळून आणत, पसरत, पायांनी मळत. यंदा कोणी फावड्याला हात लावेना. विचारलं तर एकच उत्तर, बुवा आले तर आम्ही येऊ.

“मजूर लाव.”

“लावले होते. नुसता रोलर फिरवून कडक केलंय. त्यावर पडला तर गुडघा फुटेल.” भालशेठांनी आवाज खाली आणला. “आणि माती पडली तरी बघायला कोण येणार? बुवा, रिकाम्या मैदानात एवढा महागडा संघ उभा राहिला, तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही नुसते येऊन बसा. बोलू नका हवं तर.”

बुवांनी डोळे मिटले.

मग ते भिंतीला धरून उठले. गुडघे कडकडले. बुवा आतल्या खोलीत होते, भालशेठ पडवीत, मधे उंबरठा. बुवांनी वाकून उंबरठ्याला हात लावला, बोट कपाळाला टेकवलं, आणि पडवीत पाय ठेवला. ओठ हलत होते.

“...तू तू तू तू तू...”

भालशेठांच्या अंगावर काटा आला.

बुवा त्यांच्याभोवती फिरू लागले. हळूहळू, अर्धे वाकून, दोन्ही हात किंचित पसरून. नजर भालशेठांवर, पण जणू भालशेठांच्या पलीकडे.

“...तू तू तू तू...”

म्हातारा पोचला, भालशेठांनी मनात म्हटलं. जिकडेतिकडे तूच तू दिसायला लागलं याला. आपल्यातसुद्धा. त्यांनी पाय आवरले, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. आपण एवढ्या योग्यतेचे असू असं त्यांना सकाळपर्यंत वाटलं नव्हतं.

गुडघ्याला काहीतरी शिवलं.

डोळे उघडले तेव्हा बुवा उंबरठ्याच्या आत पोचले होते. तू तू थांबलं होतं. भिंतीला टेकून ते धापा टाकत होते.

“मेलास,” बुवा म्हणाले.

“काय?”

“शिवून आलो. मेलास. बाहेर बस.”

भालशेठांना समजायला वेळ लागला. तो देवाचा जप नव्हता. हुतूतू होतं. ऐंशी वर्षांचा म्हातारा एका दमात चढाई करून, गडी मारून, आपल्या हद्दीत परतला होता.

“बुवा, मी खेळत नव्हतो.”

“अध्यक्ष आहेस. तू खेळत नाहीस, मग कोण खेळतंय?”

“मला वाटलं...”

“धरायचं होतंस. दम किती उरला होता माझा? पाय धरला असतास तर इथंच मेलो असतो मी.”

“मी हात जोडले होते, बुवा.”

“तेच म्हणतोय.”

भालशेठ हसणार होते. पण त्याआधीच त्यांचे पाय उठले, पडवी उतरले आणि त्यांना अंगणात घेऊन गेले. लहानपणी बुवांनी ‘बाहेर’ म्हटलं की ते असेच जात. पन्नाशी उलटलेले, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले अध्यक्ष ओल्या दगडावर जाऊन बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, बाद गडी बसतो तसे. बसल्यावर त्यांना स्वतःचाच धक्का बसला.

“उठायचं कसं ते आठवतंय?” आतून आवाज आला.

कोण विसरेल? आपल्या बाजूच्या कोणी समोरचा गडी मारला की आपला एक मेलेला उठतो. हुतूतूचा सगळा धीर त्यातच असतो, की मेलेला कायमचा मेलेला नसतो. फक्त त्याला स्वतःला उठता येत नाही.

“बोलाव तुझ्यातला कोणी,” बुवा म्हणाले. “मी एकटाच आहे समोर. म्हातारा. सोपं काम आहे.”

भालशेठांनी फोन काढला. आधी विक्रांत.

“कोण ठाकूर?” विक्रांतनं विचारलं.

“खारशेतचे.”

“खारशेत म्हणजे कोकणातलं की खानदेशातलं? सर, मी चार ठिकाणी शब्द दिलाय. मॅनेजरशी बोला.”

मॅनेजर म्हणाला, दसऱ्यानंतर बघू.

मग परमजीत. भालशेठांचं हिंदी बेताचंच.

“परमजीत, हम मर गया है. हमको उठाने को आओ.”



“बहुत बुरा हुआ जी,” परमजीत हलक्या आवाजात म्हणाला. “ऊपरवाले की मर्ज़ी. बाकी का हिसाब अब घर में किससे करना है?”

भालशेठांनी फोन खिशात ठेवला. उरलेल्या पाचांना लावला नाही. कोल्हापूरचा आणि सांगलीचा एका गाडीत बसून येणार नाहीत, हे त्यांना कलमाशिवायही कळत होतं.

समोरच्या कुडावर एक कावळा येऊन बसला. पंधरवडाच त्याचा. मान वाकडी करून तो भालशेठांकडे बघू लागला.

बांधावरून जोमा म्हात्रे आला.

जोमा वीस वर्षं खारशेतचा उजवा कोपरा होता. कोपऱ्यात खाली बसून चढाईवाल्याचा घोटा असा धरायचा की सोडवायला पंचाला शिट्टी फुंकावी लागे. पहिल्याच वर्षी रेवसच्या अंतिम सामन्यात सहा गडी बाद होऊन हा एकटा उरला होता. बाद झालेल्यांत भालशेठ पहिले. हा पोर गेला, दोघांना शिवून आला, आणि भालशेठ उठले. त्या सामन्याचा चषक आज भालशेठांच्या बैठकीत आहे.

गेल्या आठवड्यात जोमाच्या फोनवर एक ओळ आली. संघाच्या गटातून तुम्हाला काढण्यात आले आहे. काढणाऱ्याचं नावही खाली होतं.

जोमाच्या हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. रोज तोच बुवांना जेवण आणी. अंगणात येऊन त्यानं दगडावर बसलेल्या माणसाकडे बघितलं, उंबरठ्याकडे बघितलं. त्याला काही सांगावं लागलं नाही.

“शिवले?”

“हो,” भालशेठ म्हणाले.

जोमानं भाकऱ्या पडवीत ठेवल्या. मांडीवर थाप मारली. खाली वाकून उंबरठ्याला हात लावला, दम भरला, एक पाय उचलला... आणि तो पाय तसाच मागे घेतला.

“काय झालं?” आतून बुवांनी विचारलं.

“माझं नाव नाही, बुवा.”

मग तो भालशेठांकडे वळला. वीस वर्षं तो त्यांना भालदादा म्हणत आला होता.

“अध्यक्षसाहेब, मी कुणाच्या बाजूनं जाऊ?”

असा प्रश्न कोणी विचारील हे भालशेठांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“जोमा... तू ये परत.”

“संघात?”

“संघात. कोपरा तुझाच. परमजीतचं मी बघतो.”

जोमा विचार करत उभा राहिला. कुडावरचा कावळाही.

“आणि बाकीचे सहा?”

“कोण सहा?”

“माझ्याबरोबर काढलेले.”

भालशेठांनी विजारीला नसलेला चिखल झटकला. विकत घेतलेले गडी, दिलेला शब्द, छापलेला बॅनर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

“त्यांचं बघू,” ते म्हणाले.

जोमानं भाकऱ्या उचलल्या.

“मग तुमचंही बघू.”

तो उंबरठा ओलांडून आत गेला.

आत ताटली वाजली. दुधी भोपळ्याच्या भाजीचा वास अंगणापर्यंत आला. भालशेठ दगडावर बसून होते. उठून सरळ गाडीत बसायला काहीच हरकत नव्हती. गाडी बांधाच्या टोकाला उभी होती, किल्ली खिशात होती. त्यांनी दोनदा उठायचं मनात आणलं. दोन्ही वेळा पाय हलले नाहीत.

खिडकीतून बुवांचा हात बाहेर आला. भाकरीचा एक तुकडा अंगणात पडला, भालशेठांपासून हातभर.

कावळा कुडावरून उतरला. तुकड्याजवळ आला. तुकड्याकडे बघितलं, भालशेठांकडे बघितलं... आणि दोन पावलं मागे सरकला.

भालशेठ त्याच्याकडे बघतच राहिले. वडिलांच्या दहाव्याला असंच झालं होतं. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा भटजींनी सगळ्यांना विचारलं होतं, यांची काही इच्छा राहिली होती का? कोणीतरी पुढे होऊन कबूल करा.

“शिवत नाही बुवा,” आतून जोमा म्हणाला.

“दिसतंय.” बुवांनी घास गिळला. “मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल रे, जोमा?”

“ठाऊक नाही. गटातून काढल्यापासून आमचं बोलणं नाही.”

कावळा तिथंच होता.

“बुवा,” भालशेठ दगडावरून म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “बुवा, मी सांगतो. ते सहाही...”

“भाल्या,” बुवा म्हणाले, “मेलेला गडी बोलत नसतो.”

सबब, अध्यक्षांना उठवण्याबाबतची विनंती श्री. जोमा म्हात्रे यांचेकडे प्रलंबित आहे. मैदानावर अद्याप माती पडलेली नाही.