बरणीला फुटलेले केस

चंद्रगिरीच्या महाराजांना टक्कल पडलं आणि राजवैद्य नरहरपंतांचं नशीब उघडलं. त्यांनी केस उगवण्याचा आपला जुना लेप बाहेर काढला आणि भर दरबारात छाती काढून सांगितलं, "हा लेप कधीच नासत नाही! ही बरणी वर्षभर मोहोरबंद होती. बघा, आतला लेप अजून कसा ताजा आहे!" महाराज तर पागोटं काढून तयारच बसले.

राणी हंसावती म्हणाली, "बंद बरणीचं कसलं कौतुक? लेप वापरायचा म्हणजे त्यात बोटं जाणारच. ती आधी घालून बघू."

मग बरणी दरबारभर फिरली. माहुताने बोट घातलं, आचाऱ्याने घातलं, आखाड्यातून थेट आलेल्या पैलवानाने तर अख्खा पंजा घातला. झाकण लावून बरणी ठेवून दिली.

पौर्णिमेला झाकण काढलं, तर पुढच्या रांगेतले मानकरी नाक धरून मागे पळाले. लेपावर बुरशीची हिरवीगार दाढी उगवली होती!

वैद्यराज मात्र डगमगले नाहीत. "महाराज, याला म्हणतात गुण! अहो, बरणीलासुद्धा केस फुटले!"

महाराज हरखले. त्यांनी बरणीकडे बोट नेलं, ते राणीने वरच्यावर पकडलं. मग आपली फणी वैद्यराजांपुढे धरून ती म्हणाली, "केस आहेत ना? मग विंचरा. आणि विंचरून झाले की हीच फणी तुमच्या मिशांवरून फिरवा."

वैद्यराजांनी दोन्ही हातांनी मिशा झाकल्या.

महाराजांनी मुकाट्याने पागोटं चढवलं.