बेहड्याची ढोली आणि राजाचे पाय

एका राज्यात सूर्य रोज उगवत असे, मात्र राज्याच्या दक्षिणेला जे अरण्य होते, तिथे त्याला जमिनीपर्यंत यायची मुभा नव्हती. वर झाडांनी झाडांचे हात धरलेले, खाली वेलींनी वाटा बांधलेल्या. आभाळातला पाऊस थांबला तरी पानांवरचा पाऊस दुपारपर्यंत पडत राही. त्या राज्याची एक जुनी रीत होती. नव्या राजाने अरण्यात जावे, धनेश पक्षी मारावा आणि त्याच्या चोचीवरचा पिवळा टोप आपल्या मुकुटात बसवावा. त्याशिवाय राजा राजा ठरत नसे. ही रीत कुणी घातली, हे विचारायची सोय नव्हती.

रणकेतू गादीवर आला, अरण्यात गेला आणि पहिल्याच बाणात त्याने थोरला धनेश पाडला. पक्ष्याच्या चोचीत पिकलेले फळ होते. ते त्याने हलकेच जमिनीवर ठेवले आणि मरता मरता म्हणाला, "राजा, आता तू चाल."

राजा हसला आणि घोड्यावर बसायला गेला. पण पाय काही रिकिबीत ठरेनात. नगरापर्यंत घोडा त्याच्या मागून चालत आला.

त्या दिवसापासून राजाच्या पायांना भिंगरी लागली. सिंहासनावर बसावे तर पाय उठवत. घास तोंडात, आणि राजा अंगणात. झोप लागे तीही चालताना. दरबार त्याच्या मागून धावे. ढेरपोट्या प्रधानाची तर महिन्याभरात काडी झाली.

हे एक वेळ परवडले असते. पण राणी मृणालवती तेव्हा गरोदर होती. ज्या दिवशी मुकुटात टोप बसला, त्याच दिवशी तिच्या महालाचे दार मातीने लिंपले गेले. लिंपणारा कुणाला दिसला नाही. पहार मारावी तर भिंत दुप्पट जाड होई. हात जाईल एवढी एक फट तेवढी उरली. दासींनी फटीतून दिलेले अन्न आत पडताच राख होई. राजाच्या हातचा घास मात्र घासच राही. आणि राजाचे पाय तर फटीपाशी ठरत नव्हते! एक घास द्यावा, की पाय त्याला नगराच्या वेशीवर नेत. परत येईतो संध्याकाळ होई. राणी रोडावू लागली. पोटातले बाळ हालेनासे झाले.

राजमांत्रिक त्रिजटाने तीन उपाय केले. राजाच्या पायांना मंतरलेला दोरा बांधला, तो तुटला. तळव्यांना सात विहिरींचे पाणी लावले, ते वाळले. शेवटी साखळदंड घातले, तेव्हा राजा साखळदंड ओढत चालू लागला आणि साऱ्या नगराची झोप उडाली.

"महाराज," राणी फटीतून म्हणाली, "सगळे तुमच्या पायांना थांबवू पाहतात. त्यांना जायचे कुठे आहे, हे कुणी विचारले का?"

"मी गेलो तर तुला घास कोण देईल?"

"तुम्ही राहूनही मला एकच घास मिळतो. जा."

बायकोला भिंतीआड उपाशी सोडून जायचे, हा कसला उपाय? पण दुसरा उरलाही नव्हता. त्याने साखळदंड काढायला लावले, धनुष्य घेतले आणि पायांना मोकळे सोडले.

पाय तडक दक्षिणेला निघाले. वेताच्या काट्यांतून, गारंबीच्या वेलींखालून, बेडकांच्या ओरडण्यातून त्यांनी राजाला नेले आणि एका अजस्र बेहड्याभोवती ते गरगर फिरू लागले. बेहड्याच्या खोडात उंचावर ढोली होती. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले, मधे एक फट. ही फट त्याच्या ओळखीची होती.

फटीतून चोचीचे टोक बाहेर आले. "कोण फिरते आहे?"

"राजा रणकेतू."

"माझा धनी कुठे आहे?"

राजाला खोटे बोलता आले असते. त्याने मुकुटाला हात लावला. "इथे आहे. मी मारला."

चोचीचे टोक आत गेले. मग धनेशाची मादी म्हणाली, "अंडे घालायच्या आधी हे दार आम्ही दोघांनी मिळून लिंपले. माझी पिसे झडली आहेत, मला उडता येत नाही. घास तो आणत असे. दिवसभर आणी, बसत नसे. त्याचे ते न बसणे आता तुझ्या पायांत आहे. तीन कामे कर. नांदरुखाची फळे आण. रानजायफळाच्या बीवरची लाल पत्री आण. आणि पिल्लाला पंख फुटेपर्यंत अजगराला वर येऊ देऊ नकोस."

नांदरुखाने दुसऱ्याच एका झाडाला मिठी मारून कधीच संपवले होते. आत पोकळी आणि भोवती मुळांची जाळी उरली होती. पाय त्या जाळीवरून भराभर वर चढले. शेंड्यावर शेकरू झुपकेदार शेपूट सोडून बसले होते.

"इथे बाण घेऊन येत नाहीत," शेकरू म्हणाले.

राजाने बाण मोडले, धनुष्य खाली टाकले. शेकरूने फांदी हलवली आणि राजाचा ओचा फळांनी भरला. बेहड्यावर चढून तो एकेक फळ फटीत देऊ लागला. एक दिले की पाय त्याला खाली आणत, पुन्हा वर नेत. दर फळागणिक त्याला उपाशी राणी आठवे.

इतक्यात डोंगरी मैना उडत आली. "राजा, मी नगरातून येते. तू इथे फळ दिलेस, तिथे राणीच्या पानात घास पडला. राणी पोटभर जेवली."

राजाला रडू फुटले. पाय थांबेनात, म्हणून तो चालता चालता रडला.

रानजायफळे दलदलीत उभी होती, मुळांचे गुडघे चिखलाबाहेर काढून. पानोपानी जळवा टपलेल्या.

"आमचा वाटा?" जळवांनी विचारले.

"घ्या," राजा म्हणाला. बाहेर आला तेव्हा ओच्यातली पत्री लाल होती आणि पोटऱ्याही लाल होत्या. पत्री ढोलीत पोचली, तशी मैना पुन्हा आली. "बाळ हालले," म्हणाली.

मग ढोलीत पिल्लू चिवचिवले, आणि ते ऐकून पालापाचोळ्यातून अजगर आला.

"माणसा, तू दमशील," अजगर म्हणाला. "मग मी वर जाईन. थांबणे हाच माझा धंदा आहे."

"मला थांबता येत नाही," राजा म्हणाला. हे सांगताना त्याला पहिल्यांदाच बरे वाटले.

अजगर थांबला. राजा फिरत राहिला. शेकरू फळे आणून वरून टाकी, राजा ती झेलून चढता उतरता फटीत देई. अंधार पडला की कुजक्या ओंडक्यांवरची बुरशी हिरवी चमके, आणि त्या उजेडात राजाचे फिरणे चालूच असे. बेहड्याभोवती घोट्याएवढी खोल वाट पडली. अजगराने खोडाला डोके लावावे, तर तिथे राजाचा पाय हजर! अखेर तो वैतागला. "याला बघून माझीच झोप मोडली," म्हणाला आणि निवांत झाडाच्या शोधात निघून गेला.

एका सकाळी मादीने चोचीने माती फोडली. नवी पिसे लेवून ती बाहेर आली, मागून पिल्लू. पिल्लाने पंख झटकले, पडता पडता सावरले आणि शेजारच्या फांदीवर जाऊन बसले. त्याच क्षणी राजाचे पाय थांबले, इतके अचानक की तो चिखलात बसला.

"भिंत फुटली!" मैना ओरडत आली. "राणी सुखरूप आहे. मुलगी झाली!"

राजाने मुकुटातला टोप काढून बेहड्याच्या मुळाशी ठेवला आणि हात जोडले. "मला क्षमा कर."

"क्षमा केली तर तो परत येईल का?" मादीने विचारले.

"नाही."

"मग नांदरुख पिकले की तू येत जा."

राजा नगरात आला. राणीने मुलगी त्याच्या मांडीवर दिली, तसा तो महालाच्या उंबऱ्यातच बसला. प्रधान म्हणाला, "महाराज, सिंहासन वाट पाहते आहे." राजा म्हणाला, "पाहू दे." त्या राज्याची रीतही त्याने पालटली: नव्या राजाने अरण्यात फळ घेऊन जावे आणि रिकाम्या हाताने परत यावे.

पुढच्या वर्षी नांदरुख पिकले. शाप उरला नव्हता, पाय स्वस्थ होते, अंथरूण उबदार होते. रणकेतू पहाटे उठला. त्याने मुलीला खांद्यावर घेतले आणि तो दक्षिणेला निघाला. या वेळी पायांनी त्याला नेले नाही, त्याने पायांना नेले.