देवगांडुळाचं कोडं

"बाई, सहा वर्षांची मेहनत अशी चव्हाट्यावर मांडायची?"

मकरंदचा आवाज चढला होता. आंबोलीच्या जंगलातलं देवगांडूळ म्हणजे बेडकाचं बिनपायाचं भावंड, दिसायला गांडुळासारखं. त्याचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांची अक्षरमाळ, मकरंदने नोंदून काढला होता. आणि केरकरबाई म्हणत होत्या, शोधनिबंध छापून यायच्या आधीच सगळा डेटा जगाला खुला कर.

बाई एक्क्याऐंशीच्या. देवगांडुळाची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, तेव्हा इतके दिवस उपाशी कशी राहते, या कोड्यापायी त्यांची चाळीस वर्षं गेली. मकरंद त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हुशार होता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"बरं, नको देऊस," बाई म्हणाल्या. "चरबी साठवायचं जनुक सापडलं म्हणालास. कसं ओळखलंस?"

"फुप्फुसमाशाच्या जनुकाशी जुळलं."

"तो मासा तू पकडलास?"

"नाही. परदेशात कुणीतरी त्याचा डेटा नेटवर टाकून ठेवलाय."

"आणि बाकीची जनुकं?"

"काही कासवाशी जुळली, काही वटवाघळाशी..."

"त्या लोकांना विचारलंस?"

"विचारायचं कशाला? खुलंच आहे ते."

"...हं."

बाईंनी त्याच्या संगणकावरच्या दुसऱ्यांच्या सगळ्या फायली बंद केल्या. वाकून नेटची वायर उपटली. मग देवगांडुळाची मूळ फाइल उघडून पडदा त्याच्याकडे वळवला.

"वाच. हे सगळं तुझं."

ए, सी, जी, टी. चारच अक्षरं, पानंच्या पानं. जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काही पत्ता लागेना. मकरंद खाली खाली जात राहिला...

मग थांबला.

मासा कुणी दिला, कासव कुणी दिलं, त्याला नावंसुद्धा माहीत नव्हती. पण त्यांच्याविना त्याचं देवगांडूळ मुकंच राहिलं असतं. ज्यांचं तोंडही कधी दिसणार नाही, अशांसाठी माणसं आपली कमाई उघडी ठेवून जातात. ही गोष्ट सांगताना मला तर त्यांना हात जोडावेसे वाटतात.

मकरंदने वायर परत लावली. फाइल सगळ्यांसाठी नेटवर चढवायला घेतली. शेवटच्या बटणापाशी बोट अडलं.

"बाई... उपासाचं कोडं अजून सुटलेलं नाही. कुणी माझ्याआधी सोडवलं तर?"

बाईंचा चेहरा एकदम खुलला.

"तर मला लवकर कळेल रे!"