बटणाखालची रेघ

संगणकांना पाठीमागे मोठं पोट असायचं, त्या काळची गोष्ट. एका वाचनालयाच्या संगणकात पुस्तकं देण्या-घेण्याची चौकट होती. तिच्यात 'नोंदवा' नावाचं बटण राहायचं. त्याच्या पहिल्या अक्षराखाली बारीक रेघ होती. ग्रंथपाल कुमुदबाई कीबोर्डवर 'ऑल्ट'च्या कळीबरोबर त्या अक्षराची कळ दाबायच्या, की झाली नोंद. नजर मात्र समोरच्या वाचकावर.

"देवस्थळीकाका, मागचं कसं वाटलं हो?"

"शेवटाला रडवलं बघा, बाई."

पुढे चौकटीला नवं रूप द्यायला कारागीर आला. बटण त्याला म्हणालं, "ही रेघ पुसा बुवा. ठिगळासारखी दिसते. लोकांनी माझ्याकडे बघायला हवं."

"पुसाच!" शेजारी रिकामा पडलेला माउस म्हणाला. "मग बाई माझाच हात धरतील."

रेघ गेली, तिच्याबरोबर कळांची सोयही गेली. बाई आता चष्मा सावरत पडद्यावर बाण शोधायच्या, बटणाकडे टक लावून बघायच्या. बटण सुखावलं. पण देवस्थळीकाका पुस्तक घेऊन मुकाट्याने जाऊ लागले. वाचनालयात नुसती माउसची टकटक उरली.

महिन्याभरात बटणाला त्या गप्पांशिवाय करमेनासं झालं. कारागीर पुन्हा आला तेव्हा ते म्हणालं, "माझी रेघ परत द्या."

दुसऱ्या दिवशी बाईंची बोटं आपसूक कळांवर गेली.

"काका, याचा शेवट आधीच सांगू नका हं!"

बटणाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ते पूर्वीसारखं कान देऊन ऐकत बसलं.