धूरमाथ्याचा दोनशेवा धूर

सातोंडी तर्फेच्या, म्हणजे जुन्या महसुली गटाच्या, सात वाड्या गायओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध धूरमाथा ही उघडी टेकडी उभी आहे. तिच्या शिखरावरील सपाट शिळेवर कोळशाच्या रेघा दिसतात. पावसाळ्यात त्या धुऊन जातात, माघी पौर्णिमेस पुन्हा ओढल्या जातात. वर आलेल्या पाहुण्यास गावातील वृद्ध या शिळेवर बसू देत नाहीत. आधी तिची हकीकत ऐकवतात.

फार पूर्वी या मुलखात वस्तीची गणती धुरावरून होत असे, असे सांगतात. माघी पौर्णिमेच्या सकाळी सरकारी कारकून माथ्यावर बसे आणि जितके धूर दिसतील तितकी घरे मांडी. ज्या घराचा धूर, त्या घरचा एक माणूस वेठीला. म्हणून त्या दिवशी निम्मी गावे चुली विझवून शिळी भाकरी खात. ही लबाडी पिढ्यान्‌पिढ्या इतकी अंगवळणी पडली होती की, लेकी सासरी जाताना आया त्यांना तीही शिकवून पाठवीत.

एका वर्षी मात्र महालकऱ्याचा हुकूम आला: ज्या तर्फेत दोनशे धूर नाहीत, ती मोडावी. ओढ्याअलीकडच्या चार वाड्या एका तर्फेस, पलीकडच्या तीन दुसरीस जोडाव्यात आणि ओढ्यावर चौकी बसवावी. परवान्यावाचून कोणी ओढा ओलांडू नये. सातोंडीच्या दप्तरी धूर होते एकशे एकतीस.

खालच्या वाडीत येसाई नावाची विधवा सुईण राहत असे. सातही वाड्यांतील बाळंतपणे तिच्याच हातची. तिची एकुलती लेक ओढ्यापलीकडे दिलेली होती आणि तिला आठवा महिना लागला होता. पहिल्या खेपेस लेकीचे मूल आडवे आले होते. ते हाती लागले नव्हते, लेक तेवढी वाचली होती. कळा सुरू झाल्यावर परवाना कोण आणून देणार? कोणाच्या घरात चूल आहे आणि कोण ती झाकतो, हे तिच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते.

ती चावडीवर गेली आणि या पौर्णिमेस साऱ्या चुली उघड पेटवू म्हणाली. गोंदजी पाटील म्हणाले, "येसाई, खोटेपणा आपल्याच तोंडानं कबूल करायचा? वर वेठ दुप्पट!"

"वेठ पाठीवर बसते, पाटील. चौकी नरड्यावर बसंल," ती म्हणाली. "तुमच्या पाची पोरांची नाळ मीच कापली. तवा ओढा वलांडाया कुणाचा परवाना मागितला हुता?"

 येसाईने तेथेच शपथ घेतली: तर्फेतील प्रत्येक चूल पेटेपर्यंत आपण अन्न शिवणार नाही. तीन दिवस ती उपाशीपोटी सात वाड्या हिंडली. कोणी हो म्हणाले नाही, कोणी नाहीही म्हणाले नाही.

पौर्णिमा उजाडली. महालकरी स्वतः माथ्यावर आले. शेजारी पाटील उभे, भोवती गावकरी. येसाईने सर्वांआधी आपली चूल पेटवली, तीवर ओला पाला टाकला आणि धापा टाकीत ती टेकडी चढली. तिच्या खोपटाचा धूर त्या दिवशी प्रथमच गणतीत आला, कारण एकट्या बाईची चूल आजवर कोणी धरलीच नव्हती.

त्यानंतर जे घडले, त्यास वृद्ध चमत्कार म्हणतात. वारा म्हणे एकाएकी थांबला. एक धूर, मग दुसरा, मग वाडीमागून वाडी! दीपमाळांसारखे धूर सरळ उभे राहिले. कारकून शिळेवर कोळशाने रेघा ओढीत गेला आणि एकशे नव्व्याण्णवावर त्याचा हात थांबला.

आता सारी टेकडी पाटलांकडे पाहू लागली. वेगळ्या झालेल्या धाकट्या भावाची चूल त्यांनी स्वतःच बारा वर्षे दप्तरात येऊ दिली नव्हती. ती आज पेटली, तर पाटीलकी जाण्याची धास्ती होती.

येसाई हलकेच म्हणाली, "भ्यालात व्हय, पाटील?"

पाटलांनी पागोटे काढून तिच्या हातात दिले आणि साठीचा तो मनुष्य उतारावरून पोरासारखा धावत सुटला. पायातला जोडा वाटेतच राहिला. थोड्या वेळाने वरच्या आळीतून, भावाच्या घरातून, दोनशेवा धूर उठला.

पाटील परत आले, तेव्हा महालकऱ्यांनी विचारले, "इतकी वर्षे हे धूर होते कुठे?"

"भ्याले हुते, सरकार," पाटील म्हणाले.

महालकरी खूप वेळ हसले, असे सांगतात. तर्फ अभंग राहिली आणि पाटीलकीही राहिली. वेठ वाढली, ती लोकांनी ताठ मानेने वाहिली. महिन्याभराने, भर दुपारी, येसाई कोणासही न विचारता गुडघाभर पाण्यातून ओढा उतरून गेली. या खेपेस नातू टाहो फोडीत जन्मास आला.

आजही माघी पौर्णिमेस सातोंडीत कोणाचे अंगण धुरावाचून राहत नाही. घराला कुलूप असले, तर शेजारीण दारात तीन दगड मांडून ओला पाला पेटवते. पहिला मान एकट्या राहणाऱ्या बाईचा, शेवटचा पाटलांचा. सर्व धूर उठले की सातोंडीकर माथ्यावरून एका आवाजात ओरडतात, "भ्यालात व्हय, पाटील?" आणि तेव्हा पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष अनवाणी धावत जाऊन चूल पेटवतो.